मागच्या व्हरांड्यातला हिवाळा

यंदा थंडी उशिरा आली, पण आली. परवा सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि ती सरळ नाकाच्या शेंड्याला लागली. कोरडी, स्वच्छ, कुणाची भीडभाड न ठेवणारी. खाली सोसायटीतली मंडळी कानाला मफलर गुंडाळून, हात बगलेत घालून, "छे, सहन होत नाही बुवा," असं एकमेकांना सांगत फेऱ्या मारत होती. वर्तमानपत्रात निफाडचा पारा नेहमीप्रमाणे पहिल्या पानावर. मला या कुरकुरीचा राग येतो. नाशिकची थंडी फुकट मिळते, सगळ्यांना सारखी मिळते, आणि आयुष्यात जे एक काम मी कुणालाही न जुमानता केलं, ते तिच्याच जिवावर केलं. त्यामुळे तिच्याबद्दल कुणी वाईट बोललं की माहेरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं मला लागतं.

ते काम केलं त्या हिवाळ्यात मी बायोकेमिस्ट्रीच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक छोटा प्रकल्प करायचा आणि त्याचा प्रबंध लिहायचा, अशी पद्धत. सरांनी विषयांची यादी फलकावर लावली होती. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शकही. यादी वर्षानुवर्षं तीच: विहिरीचं पाणी, दुधातली भेसळ, लिंबातलं क जीवनसत्त्व. उत्तरं सगळ्यांना आधीच ठाऊक असलेले प्रश्न. मी सरांच्या खोलीत गेले आणि यादीबाहेरचं काहीतरी मागितलं.

मला नागली, म्हणजे नाचणी, हवी होती. आमचं घर घोटीच्या पश्चिमेला डोंगरात. खाली खाचरात भात, वर उतारावर नागली आणि वरई. घरातल्या तांदळात टोके होतात, म्हणजे ते सोंडवाले काळे किडे. गव्हात होतात, डाळीची तर गोष्टच सोडा. पण कणगीतल्या नागलीला ते शिवत नाहीत. दोन वर्षं ठेवा, तीन वर्षं ठेवा, नागली जशीच्या तशी. आमच्या घरात कुणालाच याचं नवल नव्हतं. मलाही नव्हतं, कारण रोज दिसणाऱ्या गोष्टीचं नवल वाटायला आधी ती कुठल्यातरी पुस्तकात वाचावी लागते, अशी आम्हा शिकलेल्यांची गत.

पुस्तकात होतं ते असं. किडा दाणा खातो, पण त्यातलं पीठ पचवायला त्याच्या पोटात एक एन्झाइम लागतं. काही धान्यांत अशी प्रोटीनं असतात की ती त्या एन्झाइमला जाऊन धरतात आणि सोडत नाहीत. मग किडा पोटभर खातो आणि उपाशीच राहतो. नागलीत असं प्रोटीन असतं हेही पुस्तकात होतं. पण ती नागली कुठली, कुणाच्या शेतातली? आमच्या उतारावरची काळी नागली आणि आमच्याच तांदळातले टोके, यांचं एकमेकांशी काय नातं आहे हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. तेवढंच मला बघायचं होतं.

"हे काम पुण्या-मुंबईला करतात," सर म्हणाले. "प्रोटीन थंडीत हाताळायचं असतं. चार अंशांवर. बाहेर ठेवलं की नासतं. आपल्याकडे कोल्ड रूम कुठाय?"

"फ्रिज आहे ना, सर."

"फ्रिजमध्ये तीन तास हात घालून बसणार आहेस?"

"मग सकाळी मागच्या व्हरांड्यात करीन. डिसेंबरात तिथं सात-आठ अंश असतात."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं एका गरीब विभागाचा गाडा ओढून ओढून त्यांना 'नाही' म्हणायची सवय लागली होती, इतकंच. "तू घोटीकडची ना?" ते म्हणाले. "बरं. कर. पण जमलं नाही तर फेब्रुवारीत लिंबं पिळायला बसायचं." कपाटातून त्यांनी या कामाला लागणाऱ्या बीड्सची एक अर्धी राहिलेली बाटली काढून दिली. मुदत संपून गेलेली होती. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

टोके गोळा करणं हे पहिलं काम, आणि ते सगळ्यात अवघड निघालं. एन्झाइम मिळवायचं तर किडे हजारांनी लागतात. हॉस्टेल पंचवटीत होतं. मी आणि माझी बरणी गल्लीतून दारोदार फिरायला लागलो. "काकू, तुमच्याकडे किडलेलं धान्य आहे का?" असं विचारलं की बायका अशा दचकायच्या, जणू मी घरात कुणाला खरूज झाली आहे का असंच विचारलं. "आमच्याकडे? आमच्याकडे असलं काही नसतं हं!" दार बंद. एक काकू तर रागानं मला जिन्यापर्यंत हाकलत आल्या. संध्याकाळी त्याच काकू हॉस्टेलच्या फाटकाशी उभ्या. हातात डबा, डब्यात ज्वारी, ज्वारीत टोक्यांची जत्रा. "हे आमचं नाही," त्या कुजबुजल्या, "भाडेकरूंचं आहे." पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या सहा घरांनी आपापल्या भाडेकरूंचं धान्य मला आणून दिलं. त्यातल्या चार घरांत भाडेकरूच नव्हते. किडे बर्फावर ठेवून कुटायचे, गाळायचे, आणि त्यातलं ते एक एन्झाइम वेगळं करायचं, यात दिवाळीनंतरचा सगळा महिना गेला.

पुढची पद्धत मी सोपी करून सांगते, कारण ती सोपीच आहे. बीड्स म्हणजे ओल्या रव्यासारखे दिसणारे बारीक मणी. त्या मण्यांवर आपलं एन्झाइम कायमचं पक्कं बसवायचं. मग ते मणी काचेच्या उभ्या नळीत भरायचे. त्याला कॉलम म्हणतात. वरून नागलीचा अर्क थेंब थेंब सोडायचा. नागलीत प्रोटीनं शेकड्यांनी असतात. बहुतेक सगळी मण्यांना घासून खाली निघून जातात, त्यांना त्या एन्झाइमशी काही देणंघेणं नसतं. ज्यांना असतं ती थांबतात. मग धुवायचं. आधी बफरच्या साध्या द्रावणानं, मग मिठाच्या पाण्यानं, मग परत. उगाच रेंगाळलेली सगळी वाहून जाईपर्यंत धुवायचं. धुताना हात आखडला की सगळ्या कामावर पाणी, कारण मग कोण खरं धरून बसलंय आणि कोण नुसतं टेकलंय ते कळतच नाही. शेवटी आंबट पाणी सोडून, जे उरलं असेल ते सोडवून घ्यायचं आणि जेलवर, म्हणजे प्रोटीनं वेगवेगळी करणाऱ्या पातळ लिबलिबीत थरावर, चालवून निळ्या रंगात बघायचं. प्रोटीन असेल तर निळी पट्टी उमटते. यातून माणसांविषयी एखादा सुविचार काढायचा मोह पुष्कळांना होतो. मी काढणार नाही. प्रोटीन म्हणजे प्रोटीन.

सकाळी सहाला मी सायकलवरून कॉलेजात पोचायचे. पंडित कॉलनीच्या वळणावर बोटं बधिर झालेली असायची आणि ब्रेक दाबले की नाही हे सायकल थांबल्यावरच कळायचं. दौलतमामा, आमच्या लॅबचे सहायक, मागचं दार उघडून उभे. त्यांच्या नोकरीत सकाळी सहाला यायचं कुठेही लिहिलेलं नव्हतं. व्हरांडा पश्चिमेचा, त्यामुळे ऊन उशिरा. कठड्याच्या खिळ्याला मामांनी सुतळीनं थर्मामीटर बांधून दिलं होतं. दर अर्ध्या तासानं मी ते वाचायचे आणि वहीत मांडायचे: सहा वाजता सात, साडेसहाला साडेसहा, साडेसातला आठ. माझा नियम एकच होता. दहा अंश झाले की काम बंद, जे असेल ते फ्रिजमध्ये. कॉलममधून थेंब पडायचा, मी मोजायचे, श्वासाची वाफ व्हायची, आणि मला वाटायचं की या एवढ्या मोठ्या शहरात माझ्याइतकं श्रीमंत आत्ता कुणी नाही.

मामांची मात्र कोंडी झाली होती. त्यांचा भाऊ पिंपळगावकडे द्राक्षबागाईतदार. थंडी वाढली की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून तो पहाटेपासून बागेत शेकोट्या पेटवून धूर करत बसलेला असायचा.

"पोरी, तू म्हनती थंडी वाढू दे, आन तिकडं माझा भाऊ म्हनतोय थांबू दे," मामा चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाले. "देवानं ऐकावं तरी कुनाचं?"

"तुमच्या भावाचं ऐकू दे, मामा. त्याची बाग आहे."

"आसं नको म्हनू. त्याला धूर तरी हाय. तुला काय हाय?"

आता मी स्वतः शिकवते, याच शहरात, आणि माझ्या लॅबमध्ये दार उघडलं की आपोआप दिवा लागणारं थंड कपाट आहे. मुलं कॉलम आत ठेवतात, दार लावतात, आणि बाहेर मोबाइल बघत बसतात. माझी काही तक्रार नाही. सोय असावी, सोयीसाठी मीच भांडून अर्ज लिहिले आहेत. गैरसोयीत राहून चारित्र्य घडतं वगैरे सांगणाऱ्यांना मी एक पहाट व्हरांड्यात, उघड्या बोटांनी, पिपेट धरून उभं करीन. फक्त डिसेंबरात मी लॅबची खिडकी उघडते. मुलं ओरडतात, "मॅडम, थंडी!" मी म्हणते, "असू दे."

तर पहिला निकाल. नाताळच्या आदल्या दिवशी मी जेल रंगवलं, धुतलं, दिव्यासमोर धरलं. काही नाही. पट्टी नाही, पट्टीची सावली नाही. नुसती पारदर्शक काच असावी तसं. मी पुन्हा रंगवलं. पुन्हा काही नाही. सरांनी ते पाहिलं आणि फार प्रेमानं म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? उघड्यावर हे काम होत नाही. लिंबं आणायला सांगू का?" त्या प्रेमानं मला जितकं झोंबलं तितकं रागावले असते तर झोंबलं नसतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि वही काढून पहिल्या पानापासून तपासायला बसले. एन्झाइम जिवंत होतं, ते मी रोज तपासत होते. मणी बरोबर. अर्काची पद्धत बरोबर. मग राहिली फक्त नागली. आयनं घरून दिलेली नागली तळहातावर घेतली आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. ती पांढरट होती.

शनिवारी एसटीनं घोटी, तिथून जीपनं घर. आय चुलीपाशी होती.

"आय, तू दिलेली नागली आपली होती का गं?"

आयनं चुलीत लाकूड सारलं, मग दुसरं सारलं. "नव्हती," ती म्हणाली. "घोटीच्या बाजारातून आनली व्हती. चांगली पांढरी. निवडून, धुऊन, वाळवून दिली ना तुला."

"अगं पण का?"

"कालेजात द्यायची व्हती ना, वैशे. तुझं सर पाह्यतील, मास्तरनी पाह्यतील. म्हनतील, काय काळं खात्यात हे लोक. आपली कशी द्यायची?"

मी चिडले. एक महिना गेला, थंडी अर्धी सरली, अर्धे मणी खर्ची पडले, आणि हे काय कारण! तोंडाशी आलेलं सगळं बोलणार होते. पण बोलता आलं नाही, कारण मला माझं हॉस्टेलमधलं पहिलं वर्ष आठवलं. आयनं फडक्यात बांधून दिलेली काळी भाकरी मी जेवणाच्या खोलीत काढली, तेव्हा शेजारच्या मुलीनं विचारलं होतं, "अगंबाई, जळली का?" आणि मी म्हटलं होतं, "हो गं, जळली." नंतर ती भाकरी मी खोलीत, दाराकडे पाठ करून खाल्ली. आयला रागवायचा मला काय अधिकार? तिनं जे सरांसमोर केलं तेच मी त्या मुलीसमोर केलं होतं. आणि आयला निदान माझी काळजी होती. मी तर फक्त माझी अब्रू राखली. मला माझीच भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग असा संताप आला की तो अजून पुरता उतरलेला नाही.

"मला काळी दे," मी म्हटलं. "सगळ्यात जुनी असेल ती."

आयनं कणगीच्या तळाशी हात घालून पिशवी भरली. "ही तू बीयस्सी झालीस त्या सालची हाय," ती म्हणाली, आणि सूप माझ्यापुढं धरलं. "पाय, येक तरी टोका घावतो का." तिच्या आवाजात पहिल्यांदा थोडी ऐट होती. सापडला नाही.

परत आल्यावर हॉस्टेलच्या टेबलावर मी काळी भाकरी सगळ्यांसमोर मोडली. कुणी काही विचारलं नाही. मी विचारण्याची वाट बघत होते, उत्तरही तयार होतं, पण पाच वर्षांत मुली मोठ्या झाल्या होत्या. एकीनं उलट तुकडा मागून घेतला.

काळ्या नागलीचा एक त्रास असतो. तिचा रंग अर्कात उतरतो आणि दिसेल त्याला चिकटतो. तो आधी काढावा लागला, त्यात चार सकाळी गेल्या. मग कॉलम, मग धुणं, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जेलवर एक निळी पट्टी आली. एकच. बारीक, पण सरळ आणि ठसठशीत. पुस्तकात ज्या उंचीवर सांगितली होती त्याच उंचीवर. मी ओरडले. मामा झाडू टाकून धावत आले, त्यांना वाटलं काच फुटली. सरांनी जेल खिडकीपाशी नेऊन दोन मिनिटं पाहिलं. "अरे वा," ते म्हणाले. "झालं की गं. आता लिहून टाक."

"अजून एकदा करायचंय, सर. रिकामे मणी."

"म्हणजे?"

"एन्झाइम न बसवलेले मणी. त्यांच्यावरून हाच अर्क सोडायचा. तिथंही हीच पट्टी आली तर माझं प्रोटीन एन्झाइमला धरत नाही, मण्यांनाच चिकटतंय. काळा अर्क आहे, कशालाही चिकटतो."

"मणी किती उरलेत?"

"एकदा पुरतील."

"थंडी चाललीय. मणी संपत आलेत. पट्टी हातात आहे. कशाला विषाची परीक्षा बघतेस?"

सरांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. हातातलं जाण्याची भीती मलाही होती. रिकाम्या मण्यांवर पट्टी आली असती तर डोंगरातून आणलेली नागली, गल्लीतल्या काकू, मामांच्या पहाटा, सगळं एका सकाळी धुऊन गेलं असतं. पण मला ते कळून घ्यायचंच होतं. जे प्रोटीन खरंच धरून बसलंय ते मण्यांच्या भरवशावर कशाला बसेल? मी थांबले थंडीसाठी. संक्रांत होऊन गेलेली, थर्मामीटर रोज बारा, तेरा, बारा. सहाव्या दिवशी वारं फिरलं आणि पारा आठावर आला. मामा दारात उभे होते, चेहरा भावाच्या बागेच्या काळजीनं उतरलेला, पण दार उघडं. दुपारी जेल रंगवलं. रिकाम्या मण्यांच्या रकान्यात काही नव्हतं. आणि तेव्हा लक्षात आलं की आयची पांढरी नागलीही वाया गेलेली नाही. एन्झाइम बसवलेल्या तशाच मण्यांवरून ती गेली होती आणि पट्टी आली नव्हती. म्हणजे मण्यांवरचं एन्झाइमच सुटून पट्टी म्हणून दिसतंय, ही शंकाही मिटली. पांढरीत ते प्रोटीन का नव्हतं, की होतं पण मला दिसण्याइतकं नव्हतं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. त्या प्रोटीनचं नावगाव पक्कं करणारी यंत्रंही आमच्याकडे नव्हती. पण आमच्या काळ्या नागलीतलं काहीतरी आमच्या टोक्याच्या एन्झाइमला धरतं आणि कितीही धुतलं तरी सोडत नाही, एवढं मी उघड्या व्हरांड्यात दाखवलं होतं.

आणि खरं भांडण तर पुढंच होतं. प्रबंधाचा मसुदा घेऊन गेले, तेव्हा सरांनी 'पद्धती' या प्रकरणावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं: कॉलम विभागाच्या मागच्या व्हरांड्यात, सकाळी सहा ते सव्वानऊ या वेळात चालवला, तापमान साडेसहा ते दहा अंश. खाली वहीतल्या नोंदींचा तक्ता.

"हे काढ," सर म्हणाले. "लिही, कोल्ड रूममध्ये चार अंशांवर केलं."

"पण केलं नाही, सर."

"सगळे तेच लिहितात. ते वाक्य कुणी वाचत नाही. हे लिहिलंस तर बाहेरचे परीक्षक हसतील, आणि हसल्यावर मार्क देत नाहीत." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "आणि कॉलेजच्या तपासणीच्या कागदांवर आपल्याकडे कोल्ड रूम आहे. तो फ्रिजचा बोळ आहे ना, तो."

मला दोन गोष्टी एकदम दिसल्या. सर अडकले होते, हे दिसलं, आणि त्यांची कीवही आली. पण चार अंश लिहिले असते तर व्हरांडा नाही, मामा नाहीत, थर्मामीटर नाही. मग काळी नागली होती हेही कशाला लिहायचं, पांढरीच होती म्हणायचं. मी एकदा "हो गं, जळली" म्हणाले होते. दुसऱ्यांदा म्हणणार नव्हते. "मी बदलणार नाही," असं मी सांगितलं. सरांनी मसुदा बंद करून माझ्याकडे सरकवला. "मग माझी सही नाही."

सही नाही तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर वर्ष गेलं. पंधरा दिवस असे गेले की मी रोज त्यांच्या खोलीबाहेर उभी राहायचे आणि ते बाजूनं निघून जायचे. मैत्रिणींनी समजावलं. मामांनीसुद्धा समजावलं. "लिही ना येक आकडा. आकड्याला काय व्हतंय?"

"मामा, चार लिहिलं तर कोल्ड रूम आली. मग सकाळी सहाला ते दार कुणी उघडलं?"

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः सरांच्या खोलीत गेले होते असं मला नंतर कळलं. काय बोलले ते दोघांपैकी कुणीच कधी सांगितलं नाही. शेवटच्या तारखेला सरांनी मला आत बोलावलं, पान न बघता सही केली आणि म्हणाले, "व्हायवाला मी मध्ये पडणार नाही. तुझं तू बघ."

व्हायवा मार्चच्या अखेरीस, उकाडा सुरू झालेला. लहान सभागृहात विभागातले सगळे शिक्षक, मागं मुलं, आणि समोर बाहेरून आलेले परीक्षक. वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी माझा प्रबंध चाळला, एका पानावर थांबले आणि मोठ्यानं वाचलं, "विभागाच्या मागच्या व्हरांड्यात." मागून हसू आलं. शिक्षकांच्या रांगेतही आलं. मी सरळ बघत उभी राहिले. माझे कान तापले होते, पण मान मी खाली घातली नाही.

"चार अंश लिहिलं असतंस," परीक्षक म्हणाले, "तर हे पान मी वाचलंही नसतं."

"वाचावं म्हणूनच तसं लिहिलं नाही, सर."

हसू थांबलं. परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून सरांकडे. "पण तुमच्या विभागाच्या माहितीत तर कोल्ड रूम दिलेली आहे. मग ही मुलगी बाहेर का बसली होती?"

सर पुढच्या रांगेत होते. ते काही बोलणार नाहीत, असंच मी धरून चालले होते. त्यांनी तसं सांगितलंच होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मानेवरून फिरवला, आणि उभे राहिले.

"नाहीये, सर," ते म्हणाले. "कोल्ड रूम आमच्याकडे नाही. कागदावर आहे. मुलीनं लिहिलंय ते बरोबर आहे." आणि खाली बसले. ते कुणाकडेच बघत नव्हते, माझ्याकडे तर नाहीच.

परीक्षकांनी पेन्सिलनं काहीतरी लिहून घेतलं. मग पान उलटलं आणि मला विचारलं, "बरं. आता मला सांग, ही पट्टी आली म्हणजे तुझं प्रोटीन त्या एन्झाइमलाच धरतंय, हे कशावरून?"

त्या सगळ्या हिवाळ्यात लोकांनी मला गाव विचारलं होतं, जागा विचारली होती, हट्ट का करतेस ते विचारलं होतं. कामाबद्दलचा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला जात होता. मी खडू घेतला आणि फळ्याकडे गेले.